अपुरा खेळ, पुरी तक्रार

डोंबिवलीतील एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारात संध्याकाळी मुले क्रिकेट खेळत असतील, तर शिक्षकांनी पाच मिनिटे थांबून त्यांचे नियम जरूर ऐकावेत. ‘कंपाउंडबाहेर डायरेक्ट गेला तर आउट.’ ‘एक टप्पा, एक हात आउट.’ ‘तळमजल्याच्या खिडकीला लागला तर ज्याने मारला त्यानेच चेंडू मागून आणायचा.’ ‘लिंबूटिंबूला पहिल्या चेंडूवर आउट द्यायचे नाही.’ हे नियम कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. पण प्रत्येक नियमामागे एक तक्रार आहे. चेंडू गटारात गेला आणि काढायला कोणी जाईना. तळमजल्यावरच्या आजींची काच फुटली. एकाचा धाकटा भाऊ रडत घरी गेला. तक्रार आली त्याच संध्याकाळी नियम बदलला आणि दुसऱ्या दिवशी तो खेळून पाहिला गेला.

मोठ्या मैदानांवरच्या खेळांचेही फार वेगळे नाही. खो-खोची पहिली नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली तयार केली. त्याआधी हा खेळ गावोगावी आपापल्या पद्धतीने खेळला जात होता. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतच आकाराला आले. त्या खेळाचे मैदान पूर्वी मध्ये निमुळते, वाळूच्या घड्याळासारखे असे; ते आयताकृती व्हायला १९०१ साल उजाडावे लागले. खेळ आधी तयार होतो आणि मग खेळला जातो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात खेळ खेळता खेळता तयार होतो.

या लेखात आपण या जुन्या गोष्टीचे एक नवे रूप पाहणार आहोत. संगणकावरचे काही खेळ हल्ली पूर्ण होण्याआधीच विकले जातात. या पद्धतीला ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. खेळाडू पैसे देऊन अपुरा खेळ घेतो, तो खेळतो आणि आपली तक्रार निर्मात्याला कळवतो. निर्माता त्यानुसार खेळ सुधारत जातो. असे खेळ अनेक प्रकारचे असतात, पण तक्रारींचा मोठा पूर येतो तो ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ या प्रकारात. यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, राक्षसांशी लढतो, शस्त्रे मिळवतो आणि हळूहळू बलवान होतो. शस्त्राची ताकद, राक्षसाचे बळ, घावांमधले अंतर असे हजारो आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. एक आकडा बदलला की दहा ठिकाणी परिणाम होतो. सारे आकडे आधी कागदावर जुळवणे जवळजवळ अशक्यच असते.

आमचा कल्याणचा भाचा नववीत असताना त्याने वर्षभर साठवलेल्या पैशांतून असा एक अपुरा खेळ घेतला. पंधरा दिवसांनी भेटला तो रडवेला होऊन. ‘‘मामा, हा शेवटचा राक्षस चीटिंग करतो!’’ त्याने निर्मात्यांना तक्रार पाठवली होती. मोडक्या इंग्रजीतल्या त्या एका ओळीचा अर्थ एवढाच होता की राक्षस फार ताकदवान आहे, दुरुस्त करा. आम्ही त्याला विचारले, ‘‘तू नेमका कोणत्या घावाने मरतोस? कुठे उभा असताना? किती वेळा?’’ त्याला सांगता येईना. मग आम्ही त्याला एक वही दिली. त्या वहीत काय निघाले ते शेवटी सांगू. तूर्तास एवढेच म्हणू की, तक्रार आणि निरीक्षण यांतला फरक त्या दिवशी आमच्यासमोर नीट उभा राहिला. या फरकाचा इतिहास बराच जुना आहे.

कोपर दुखले म्हणून

संगणकावरच्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एक म्हणजे ‘स्पेसवॉर’. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत पीडीपी-१ या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी तो १९६२ साली चालवला. दोन अग्निबाण एकमेकांवर मारा करतात, एवढाच तो खेळ. पण तो खेळणारी मंडळी स्वतःच आज्ञावली लिहिणारी होती. डोंबिवलीच्या आवारातल्या मुलांसारखेच ते खेळाडूही होते आणि निर्मातेही. पाठीमागचे तारे खोटे वाटतात, म्हणून पीटर सॅमसनने खऱ्या आकाशाचा नकाशा घातला. अग्निबाण नुसतेच सरळ जातात, म्हणून डॅन एडवर्ड्सने मध्ये एक तारा ठेवून त्याचे गुरुत्वाकर्षण आणले. संगणकाच्या पुढच्या बाजूची बटणे दाबून दाबून कोपर दुखू लागले, म्हणून ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हातात धरायच्या नियंत्रक पेट्या बनवल्या.

यातली एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. रसेलने सुरुवातीला अग्निबाणांवरील अस्त्रांच्या वेगात आणि दिशेत थोडी अनिश्चितता ठेवली होती. खरी अस्त्रे कुठे नेमकी लागतात, असा त्याचा विचार होता. खेळाडूंना ते मुळीच आवडले नाही. आपण नेम बरोबर धरला आणि तरीही चुकलो, हे कोणालाच पटेना. अखेर ती अनिश्चितता काढून टाकावी लागली. जे वास्तवाला धरून असते ते खेळणाऱ्याला न्याय्य वाटतेच असे नाही, हा धडा पहिल्याच फेरीत मिळाला होता. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

दहा वर्षांनी, १९७२ साली, ‘अटारी’ या नव्या कंपनीने ‘पाँग’ नावाच्या खेळाचे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात ठेवले. येथे खेळाडू अनोळखी होते. काही दिवसांत यंत्र बिघडल्याचा निरोप आला. ते बनवणारा अभियंता ॲलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, तर नाणी साठवायचा डबा भरून वाहत होता. कोणीही ‘खेळ छान आहे’ असे लिहून कळवले नव्हते. पण भरलेला डबा पुरेसे बोलत होता. खेळाडू काय म्हणतो आणि खेळाडू काय करतो, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दुसरी बहुधा अधिक विश्वासार्ह असते.

भूमिका घेऊन खेळायच्या खेळांची सुरुवात मात्र संगणकावर झाली नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली छापला. छापण्याआधी आपापल्या मित्रमंडळींत त्यांनी तो अनेकदा खेळून पाहिला होता. त्यातूनच संगणकावरील या जातीचे खेळ निघाले. १९९६ च्या डिसेंबरअखेर आलेल्या ‘डायब्लो’ या खेळाने त्यातल्या लढाईच्या शाखेला आजचे रूप दिले. गंमत म्हणजे डायब्लो आधी बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा होता. सहकारी कंपनीतील लोकांनी तो सलग वेगात चालावा असा आग्रह धरला. प्रमुख निर्माता डेव्हिड ब्रेव्हिक याचा विरोध होता, पण सहकाऱ्यांचे मत विरुद्ध पडले. मग एका दुपारी त्याने तसा बदल करून पाहिला आणि एका सांगाड्यावर पहिला घाव घातला. तो सांगाडा कोसळला त्याच क्षणी आपले मत बदलले, असे त्याने पुढे सांगितले आहे. वाद बोलून मिटला नाही, तो करून पाहिल्यावर मिटला. प्रयोगशाळेत दुसरे काय होते?

अपुरा माल बाजारात

आतापर्यंत परीक्षा घेणारे लोक घरचे होते. इंटरनेटमुळे हे चित्र बदलले. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून ‘काउंटर-स्ट्राइक’ तयार केला आणि जून १९९९ मध्ये त्याची कच्ची आवृत्ती फुकट वाटली. खेळाडूंनी दोष कळवायचे, यांनी नवी आवृत्ती काढायची, असे वर्षभराहून अधिक काळ चालले. नोव्हेंबर २००० मध्ये ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीमार्फत तो पूर्ण खेळ म्हणून विक्रीला आला. त्यानंतरच्या दशकात ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या स्टेशनांभोवतीच्या सायबर कॅफेंमध्ये तासावर पैसे मोजून मुले जो गोळीबाराचा खेळ खेळत असत, तो हाच. ज्या पालकांनी आणि शिक्षकांनी तेथून मुलांना कान धरून बाहेर काढले, त्यांना हा खेळ हजारो परक्या खेळाडूंच्या तक्रारींतून घडला आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

कच्चा खेळ फुकट देणे वेगळे आणि विकणे वेगळे. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने २००९ साली ‘माइनक्राफ्ट’ अपुरा असतानाच कमी किमतीत विकायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर केले. मार्च २०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या ‘स्टीम’ या दुकानात अशा खेळांसाठी ‘अर्ली ॲक्सेस’ नावाचे स्वतंत्र दालन उघडले. सुरुवातीच्या यादीत मेक्सिकोच्या एका कंपनीचा ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ होता. यात स्वतः अग्निबाण बांधून कक्षेत सोडायचा असतो. पुढे जायचे तर वेग वाढवावा ही समजूत कक्षेत कशी फसते, हे ज्या शिक्षकांना फळ्यावर समजावणे जड जाते, त्यांनी हा खेळ एकदा पाहावाच. त्याची पहिली आवृत्ती जून २०११ मध्ये आली आणि तो पूर्ण झाला एप्रिल २०१५ मध्ये. मधल्या काळात त्याला घडवण्यात खेळाडूंचा मोठा वाटा होता.

सारेच खेळ असे तडीस गेले नाहीत. ‘स्पेसबेस डीएफ-९’ हा खेळ २०१३ साली अपुरा विकला गेला. अपेक्षेइतके पैसे येईनात, तेव्हा २०१४ मध्ये ठरलेल्या अनेक गोष्टी गाळून तो ‘पूर्ण’ म्हणून जाहीर झाला. पैसे देणाऱ्यांच्या हाती जे होते तेच राहिले. म्हणून अशा खेळांबाबत एक साधा नियम सांगितला जातो, आणि दुकानही तो आपल्या पानावर छापते: आज आहे त्या रूपात खेळ आवडत नसेल, तर थांबा. उद्याच्या आश्वासनासाठी पैसे देऊ नका. आपल्या विद्यार्थ्यांना हा नियम माहीत असला पाहिजे.

दुखते कुठे आणि आजार काय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हजारो लोक तक्रार करतात. तिचे करायचे काय?

रुग्ण डॉक्टरांकडे जातो तेव्हा ‘पोट दुखते’ हे तो खरेच सांगतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. पण ‘मला अमुक गोळी द्या’ असे तो म्हणू लागला, तर डॉक्टर ते मानत नाहीत. खेळाडूचेही तसेच आहे. २००७ साली आलेल्या ‘हेलो ३’ या खेळाची मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत मानसशास्त्रज्ञांनी चाचणी घेतली. कोणता खेळाडू कोठे मरतो याचे नकाशे तयार झाले. एका ठिकाणी खेळाडूंच्या गोळ्या फार लवकर संपत होत्या. सरळ उपाय म्हणजे गोळ्या वाढवणे. पण नोंदी पाहिल्यावर कळले की खेळाडू फार लांबून गोळ्या झाडत होते आणि त्या वाया जात होत्या. निर्मात्यांनी गोळ्या वाढवल्या नाहीत. शत्रू टप्प्यात आला की नेम धरायचे चिन्ह तांबडे होईल, एवढी सोय केली. तक्रार गोळ्यांची होती, कारण अंतराचे होते.

दुसरे उदाहरण गणिताच्या शिक्षकांसाठी. बेल्जियमच्या लॅरियन या कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा पाळीपाळीने खेळायचा खेळ ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३ असा जवळजवळ तीन वर्षे अपुऱ्या रूपात विकला जात होता. त्यात घाव लागतो की चुकतो हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. फासा खोटा पडतो, अशी खेळाडूंची कुरकुर सुरू झाली. २०२१ साली निर्मात्यांनी एक वैकल्पिक सोय दिली. तिने सलग वाईट आणि सलग चांगली दाने कमी केली. तिचे नावच ‘भारित फासे’ अशा अर्थाचे होते. म्हणजे फासा खरा होता तेव्हा तो लोकांना खोटा वाटला, आणि तो खरा वाटावा म्हणून त्यात लबाडी करावी लागली!

आकडेमोड करून पाहू. घाव लागण्याची शक्यता ७० टक्के आहे असे धरा. सलग तीन घाव चुकण्याची शक्यता ०.३ × ०.३ × ०.३ म्हणजे ०.०२७, शंभरात तीनहूनही कमी. खेळाडूला हे जवळजवळ अशक्य वाटते. पण तो एका बैठकीत शंभर घाव घालतो. शंभर घावांत अशी चुकीची तिकडी निदान एकदा येण्याची शक्यता ८५ टक्क्यांहून अधिक निघते. ज्याला आपण अन्याय म्हणतो तो बहुधा येणारच होता. वर्गात एक प्रयोग करावा. अर्ध्या मुलांनी नाणे वीस वेळा उडवून छापा-काटा लिहावा, उरलेल्यांनी मनाने लिहावा. खऱ्या नाण्यात सलग चार वेळा एकच बाजू पडण्याचा प्रकार चारपैकी तीन मुलांच्या कागदावर दिसेल. मनाने लिहिणारी मुले मात्र इतकी सलग ओळ लिहायला कचरतात. कोणता कागद कोणत्या गटाचा, हे शिक्षक बऱ्याचदा न विचारता सांगू शकतात. स्टीव्ह रसेलच्या खेळाडूंची तक्रार ती हीच.

गिझरचा नळ

बी.एड.च्या अभ्यासक्रमात आपण ‘प्रत्याभरण’ हा शब्द शिकलो आहोत. तो मुळात विद्युत अभियांत्रिकीतून आला आहे. हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल प्रयोगशाळेतील अभियंता ऑगस्ट १९२७ मध्ये सकाळी कामावर जात होता. दूरध्वनीच्या प्रवर्धकात आवाज विकृत होतो, त्यावर उपाय काय, याचा विचार डोक्यात होता. हडसन नदीवरच्या बोटीत त्याला उत्तर सुचले आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्याने ते लिहून काढले. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडला, तर चूक आपोआप कमी होते. रोज सकाळी ८ च्या गाडीत उभे राहून विचार करणाऱ्या आमच्या डोंबिवलीकरांनी ही गोष्ट जरूर आठवावी.

पण या युक्तीला एक अट आहे. संदेश परत यायला उशीर झाला, तर तीच युक्ती उलटते. सकाळी अंघोळीला गिझरचा नळ फिरवतो तेव्हा हे अनुभवास येते. पाणी गार लागते म्हणून नळ आणखी फिरवतो. गरम पाणी नळीतून यायला वेळ लागतो, तोवर आपण जास्त फिरवलेला असतो, आणि अंग भाजते. मग उलट दिशेला तेच. अपुऱ्या खेळांत नेमके हेच घडते. न्यूझीलंडच्या ‘ग्राइंडिंग गिअर गेम्स’ या कंपनीचा ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ हा लढाईचा भूमिका-खेळ ६ डिसेंबर २०२४ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये आला. पैसे मोजूनच प्रवेश असताना स्टीमवर एका वेळी पाच लाखांहून अधिक लोक तो खेळत होते. काही पात्रे अतिशय बलवान झाली आहेत, असे दिसल्यावर निर्मात्यांनी एप्रिल २०२५ च्या मोठ्या आवृत्तीत खेळाडूंचे बळ बरेच कमी केले. आता नळ दुसऱ्या बाजूला गेला. खेळ संथ झाला, राक्षस फार वेगवान आहेत, असा गदारोळ उठला आणि पुढच्या काही दिवसांत एकामागून एक दुरुस्त्या कराव्या लागल्या. खेळाडू चुकीचे नव्हते आणि निर्मातेही मूर्ख नव्हते. मधला विलंब आणि बदलाचे मोठे माप, या दोहोंनी झोके निर्माण केले. आवारातल्या क्रिकेटमध्ये असे होत नाही, कारण तेथे विलंब जवळजवळ शून्य असतो आणि एका वेळी एकच नियम बदलतो.

जे परत आले नाहीत

यापुढची अडचण अधिक खोल आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानांना चिलखत कोठे लावावे हा प्रश्न अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञासमोर आला. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कोठे आहेत याच्या नोंदी होत्या. जेथे भोके जास्त तेथे चिलखत लावावे, असे कोणालाही वाटेल. वाल्डचा तर्क उलटा होता. ही विमाने भोके पडूनही परत आली आहेत. ज्या जागी भोके दिसत नाहीत, तेथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत. चिलखताची गरज तेथे आहे.

तक्रार लिहिणारा खेळाडू हा परत आलेले विमान आहे. त्याला खेळाबद्दल अजून आस्था आहे. ज्याला पहिल्या अर्ध्या तासात काहीच समजले नाही, त्याने खेळ बंद केला आणि तो गप्प राहिला. शंभर तास खेळलेल्यांच्याच तक्रारी ऐकत गेले, तर खेळ शंभर तास खेळणाऱ्यांसाठीच उरतो. आपल्या वर्गातही हेच घडते. ‘समजले का?’ असे विचारल्यावर हात वर करणारी मुले परत आलेली विमाने असतात. मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या मुलाची भोके आपल्याला दिसत नाहीत.

महाराष्ट्रातला एक अनुभव येथे सांगितला पाहिजे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या गटाने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ केला. तो काटेकोर अर्थाने भूमिका-खेळ नाही, लढाई आणि साहस यांचा खेळ आहे. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणारी राजी ही त्याची नायिका. २०१७ साली या गटाने लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि २०२० साली खेळ पूर्ण करून बाजारात आणला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी ‘राजी’ला नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र ‘फॅस्मोफोबिया’ या ब्रिटिश खेळाला गेला. तो सप्टेंबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आलेला होता, म्हणजे तेव्हा अपुरा होता. पुरा खेळ मागे राहिला आणि अपुरा खेळ पुढे गेला!

‘राजी’बद्दल खेळाडूंचे म्हणणे साधारण असे होते: दृश्ये देखणी आहेत, पण लढाई थोडी अवघडलेली वाटते, खेळ लवकर संपतो आणि शेवट एकदम येतो. हे सारे कळले ते खेळ विकून झाल्यावर. निर्मात्यांनी ते मनावर घेतले आणि २०२२ साली सुधारलेली आवृत्ती काढली. तिच्यात लढाई सुधारली होती आणि हिंदी संवादही होते. पहिल्या आवृत्तीत पुराणकथेतली ही पात्रे इंग्रजी बोलत होती. हे शिकायला लागलेली दोन वर्षे अपुरा खेळ विकून वाचली असती, असे आपण आज सहज म्हणू शकतो. पण अपुरा खेळ विकायचा तर पहिल्याच दिवशी येणाऱ्या शिव्याही पचवाव्या लागतात, आणि छोट्या गटाला ती जोखीमही लहान नसते.

वहीत काय निघाले

आता भाच्याच्या वहीकडे येऊ. आम्ही त्याला चार रकाने आखून दिले होते: कितवा प्रयत्न, कोठे उभा होतो, कोणता घाव लागला, त्याआधी मी काय केले. आठवडाभर त्याने इमानाने लिहिले. राक्षसाच्या ज्या मोठ्या घावाला तो दोष देत होता, त्याने तो क्वचितच मेला होता. बहुतेक वेळा तो लोळण घेऊन एका खांबाजवळच्या कोपऱ्यात जाई. तेथे खांब मध्ये येऊन पडद्यावर राक्षस दिसेनासा होई आणि पुढचा साधा घावच त्याला लागे. अडचण राक्षसाच्या ताकदीत नव्हती, ती दिसण्यात होती. पाहता पाहता त्याचा राग ओसरला. ‘‘मामा, हा चीटिंग करत नाही. मला तो दिसतच नाही,’’ असे तो म्हणाला.

त्याने हे नीट लिहून पाठवले. आधी मराठीत लिहिले, मग आम्ही दोघांनी मिळून त्याचे इंग्रजी केले. काही आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. तिच्यात राक्षसाची ताकद कमी केलेली होती. खांब तेथेच होता. ‘राक्षस फार ताकदवान आहे’ असे लिहिणारे बहुधा पुष्कळ असावेत आणि खांबाबद्दल लिहिणारे थोडे. भाचा हिरमुसला, आणि ते स्वाभाविक होते. पण वही त्याने टाकून दिली नाही. पुढे भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत लंबकाचे आकडे जुळेनात, तेव्हा ‘लंबक बरोबर नाही’ असे न लिहिता, दोर प्रत्येक वेळी कोठे धरला होता ते त्याने लिहून ठेवले.

आपल्या वर्गातली कितीतरी मुले आज अशा अपुऱ्या खेळांची परीक्षक आहेत. त्यांना हे काम कोणी शिकवलेले नाही. ते शिकवायला संगणक लागत नाही. आवारातला एक नियम घ्या आणि तो का बदलला, बदलल्यावर काय झाले, कोण खेळायचे सोडून गेले, हे मुलांना चार रकान्यांत मराठीत लिहू द्या. चौथ्या रकान्यात बहुतेक मुले अडखळतील, कारण तेथे स्वतःने काय केले ते लिहायचे असते. तेथे आपण त्यांच्याजवळ बसावे.